न विचारता ठरलेला बाप्तिस्मा

देविकानं पिशवीतून पांढरी साडी काढून शिल्पाच्या हातात दिली, आणि कुसुमबाईंच्या घरात वर्षभर दबून राहिलेल्या गोष्टीला तोंड फुटलं.

साडीत खोट काढावी असं काही नव्हतं. सुती, बारीक निळ्या काठाची, लातूरच्या गंजगोलाईत चार दुकानं पालथी घालून आणलेली. देविका म्हणजे कुसुमबाईंची लेक, दवाखान्यात सिस्टर म्हणून जन्म काढलेली. सकाळची एसटी धरून अहमदपूर, लोहा करत ती नांदेडला उतरली होती, सोबत भाची मनस्विनी, जी तिच्याकडंच राहून कॉलेज करत होती. आईला जाऊन आज वर्ष झालं होतं. संध्याकाळी घरात स्मरणाची सभा, उद्या रविवारी चर्चमध्ये उपासना, मग ज्याची त्याची वाट. शिल्पा ही धाकट्या भावाची, मुकुलची बायको, मनस्विनीची आई. कुसुमबाईंचं अंथरुणावरचं सगळं तिनंच केलं होतं. तिनं साडीवरून हात फिरवला, काठ छान आहे म्हणाली, संध्याकाळी सभेला नेसते म्हणाली.

"सभेला कशाला? उद्याची हाय ती," देविका म्हणाली. "बाप्तिस्म्याला."

शिल्पानं विचारलं, कुणाच्या.

आता देविकाची पंचाईत झाली. रोग्याच्या नातेवाइकांना वाईटातली वाईट बातमी सांगताना जिची जीभ कधी अडखळली नाही, ती बाई साडीच्या घडीकडं बघत बसली. थोरल्या भावानं, सुदर्शनदादानं तिला फोन करून सांगितलं होतं की शिल्पाचं मन झालं, आईच्या वर्षालाच ती बाप्तिस्मा घेतेय, पाळकसाहेबांशी बोलणं झालंय, पांढरी साडी तेवढी तू आण. देविका फोनवरच रडली होती. शेजारणीला पेढे देऊन आली होती. आणि इथं जिचा बाप्तिस्मा तीच विचारत होती, कुणाचा म्हणून.

मनस्विनीनं आईला विचारलं, एवढी मोठी गोष्ट तू मला का नाही सांगितलीस. शिल्पा म्हणाली, मला तरी कुणी सांगितली. तिनं साडी घडी न मोडता खुर्चीवर ठेवली आणि निवडायच्या राहिलेल्या मेथीला हात घातला. तिचा राग असाच असतो, हे त्या घरात एकट्या कुसुमबाई ओळखून होत्या. इतरांना वाटायचं, बाई मेथी निवडून राहिली.

सुदर्शन माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्यांच्या नावानं बोटं मोडायचा. मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, चर्चचे सेक्रेटरी, नव्या वस्तीत फ्लॅट. पोरांची हजेरी घेता घेता माणसांचीही हजेरी घ्यायची खोड लागलेली, एवढंच. आणि शिल्पाच्या बाबतीत त्यांची जी चूक झाली ती चांगल्या डोळ्यांनी बघूनच झाली.

कुसुमबाईंची एक रीत होती. भाकरीला पीठ काढायचं की आधी त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी लातूरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करून तिन्ही लेकरं वाढवली, तेव्हाही ही मूठ चुकली नाही. ज्या दिवशी घरातच मूठभर पीठ उरलं असेल त्या दिवशी चिमूट टाकायच्या आणि वर देवालाच ऐकवायच्या की आज एवढंच हाय, कुरकुर करू नको. डबा भरला की रविवारी चर्चमध्ये जायचा आणि तिथून ज्याच्या घरी चूल थंड असेल त्याच्याकडं. चर्चमधल्या जुन्या बायकांत ही चाल अजून थोडीफार टिकून आहे. सुनांनी ती केव्हाच सोडली.

आणि आईच्या मातीनंतर आठवडाभरानं सुदर्शन घरी आले तर शिल्पा परातीपाशी बसून डब्यात मूठ टाकत होती. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघत नाही. ईस्टरला तिनंच डबा फडक्यात बांधून त्यांच्या हाती दिला, चर्चला न्या म्हणाली. सुदर्शन रस्त्यात गाडी थांबवून रडले. उदगीरच्या लिंगायत घरातून आलेली पोर, इतकी वर्षं चर्चच्या मागच्या बाकावर बसली, पुढं कधी आली नाही, आणि आई गेल्यावर आईची मूठ तिनं उचलली. याचा अर्थ दुसरा काय होणार? त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं. पाळकसाहेब हरखले. शिल्पाला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. विचारून बिचारीला लाजवा कशाला, असं सुदर्शनना वाटलं. हा त्यांचा चांगुलपणाच होता, आणि तोच महागात पडला.

दुपारी ते सभेच्या सतरंज्या घेऊन आले तेव्हा शिल्पानं हात पुसले आणि बैठकीत जाऊन त्यांना सरळच विचारलं. सुदर्शन आधी हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले की तू मूठ काढतेस ना. शिल्पा म्हणाली, काढते. त्याचं काय?

मग तिनं सांगितलं. उदगीरला तिच्या वडलांच्या, गुरुपादप्पांच्या घरी सोमवारी मठाचा जंगम यायचा झोळी घेऊन. त्याची ज्वारी आधी काढून ठेवल्याशिवाय तिची आई जात्याला हात लावायची नाही. लग्न होऊन इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी कुसुमबाईंनी डबा दाखवला, तर शिल्पा म्हणाली, आमच्यात पण असतं. कुसुमबाई खो खो हसल्या, म्हणाल्या, मग तुला काय शिकवू मी, कप्पाळ? तेव्हापासून सकाळची मूठ सासूची आणि संध्याकाळची सुनेची. सासू गेली म्हणून सकाळची कुणीच टाकायची नाही का?

सुदर्शनना हे रुचलं नाही. मठाची मूठ आणि प्रभूची मूठ एक होत नाही, असं त्यांनी जरा हेडमास्तरी आवाजात सांगितलं. शिवाय पाळकसाहेबांना शब्द दिलाय, देगलूरकडचे पाहुणे खास त्यासाठी येऊन राहिलेत, चर्चमध्ये गेल्या रविवारी जाहीर झालंय. शिल्पा नेमकी गेल्या रविवारी माहेरी गेली होती. शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं: आईची शेवटची इच्छा होती.

शिल्पानं विचारलं, आई तसं बोलल्या का तुम्हाला. सुदर्शन म्हणाले, काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

देविका दारात उभी होती. तिनं थोरल्या भावाची बाजू घेतली, आणि ती काही भावाला भिऊन नव्हे. तिला मनापासून वाटत होतं की घरातलं सगळं एका जागी यावं, आईच्या आत्म्याला बरं वाटावं. ती शिल्पाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली की एवढं मनाला लावून घेऊ नको, पाणीच तर आहे.

"पाणीच असतं तर कव्हाच घेतलं असतं, अक्का," शिल्पा म्हणाली. "तुम्ही तरी असं म्हणू नका."

देविकाचा हात आपोआप खाली आला. ती आत गेली, माठातलं पाणी ओतून घेतलं आणि न पिताच उभी राहिली. आईनं जन्मभर ज्याला जिवापेक्षा जपलं त्याला आपण 'पाणीच तर' म्हणालो, आणि ते चुकलं हे कळलं कुणाला, तर जिनं अजून ते घेतलेलं नाही तिला. दादाच्या बाजूनं उभं राहायला तिला मघाशी जेवढं सोपं गेलं तेवढं आता जाईना.

मुकुल अंगणात होता. भांडणाचा वास आला की या माणसाला कुठली तरी दुरुस्ती आठवते, आणि आज तर चुलीवर मटणाचं पातेलंच होतं. शिल्पा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तुम्हाला ठाव होतं का एवढंच विचारलं. त्याला ठाव होतं. दादा तिला सांगतील असं त्याला वाटलं होतं, आणि दादांना वाटलं होतं मुकुल सांगेल. शिल्पा म्हणाली, छान, दादांनी काडी टाकायची आणि तुम्ही फुंकर घालत बसायचं. मुकुलनं विचारलं, मी काय करू सांग. ती म्हणाली, काही करू नका. संध्याकाळी मी बोलायला उठले की माझा पदर तेवढा ओढू नका.

ती काय बोलणार, हे त्यानं विचारलं नाही. पातेल्यावर झाकण ठेवून तो सतरंज्या झटकायला गेला, पण जाताना म्हणाला, न्हाई ओढणार.

संध्याकाळी बैठक भरली, व्हरांडा भरला, गल्लीतल्या बायका दारात बसल्या. आई गल्लीत सगळ्यांचीच आई होती. कुणाच्या बाळंतपणात ती रात्र बसलेली, कुणाच्या दारुड्या नवऱ्याला तिनं लाटणं दाखवलेलं. सुरुवातीलाच आईच्या आवडत्या गीतावरून तिघा भावंडांची जुंपली. तिघांची तीन गीतं, आणि तिघंही शपथेवर सांगत होते की आईनं मला स्वतः सांगितलं, हेच माझं आवडतं. म्हातारीनं तिघांनाही तसंच सांगितलं असणार, यात शंका नाही. पाळकसाहेबांनी तिन्ही म्हणायला लावली.

मग साक्षी सुरू झाल्या. आमच्यात कुणाच्या आठवणीला जमलं की एकेकानं उठून सांगायचं, देवानं या माणसातून मला काय दिलं, आणि बसलेल्यांनी शेवटी आमेन म्हणायचं. सुदर्शननी वसतिगृहाच्या दिवसांचं सांगितलं. आई मोठ्या तव्याशी बसून त्यांचा पाठ घ्यायची, तिला स्वतःला येत नसलेलं गणितसुद्धा चुकलं की आवाजावरून ओळखायची. लोक हसले, आमेन म्हणाले.

देविका किल्लारीच्या भूकंपाचं बोलली. आई चर्चच्या बायकांबरोबर टेम्पोत बसून तिकडं गेली, भाकरी थापायला म्हणून. दोन दिवसांनी देविका औषधं घेऊन पोचली तर आई भाकरीपाशी नव्हतीच. तंबूच्या मागं एका ओळीत पोरी बसवल्या होत्या आणि ती एकेकीच्या केसांतली माती काढून वेण्या घालत होती. ज्यांच्या आया ढिगाऱ्यात राहिल्या त्या पोरी. देविकानं विचारलं, आई, भाकरी कोण करतंय. आई म्हणाली, भाकरी कुणी बी देईल गं, डोकं कोण विंचरणार? तिनं त्या पोरींना एकदाही विचारलं नाही की तुम्ही कोण, कुणाच्या. हे सांगता सांगता देविका मध्येच थांबली, जणू आपणच बोललेलं आपल्याला ऐकू आलं, आणि खाली बसली.

सुदर्शन पुन्हा उठले. आता आपली शिल्पा साक्ष देईल, आणि उद्याच्या आपल्या निर्णयाबद्दलही सांगेल, असं म्हणाले. दुपारचं बोलणं त्यांनी मनातून पुसून टाकलं होतं. एवढ्या माणसांत ती नाही म्हणणार नाही, ही त्यांची खात्री होती. शिल्पा उठली. कपाळाला कुंकू, अंगावर नेहमीची हिरवी साडी. मुकुलनं आपले पाय जवळ घेऊन तिला वाट दिली.

"मला साक्ष देता येत न्हाई," ती म्हणाली. "मी कुसुमबाईंची सून, एवढंच. लग्न करून आले तव्हा आमच्या आप्पांनी बोलणं टाकलं होतं. आणि इथं बायका मला बघायला यायच्या, ही पाणी कव्हा घेती म्हून. आईंनी पहिल्याच आठवड्यात मटणाची चूल अंगणात नेली. मला वास सोसंना म्हून. पावसात डोक्यावर पोतं घेऊन शिजवायच्या. मी म्हणले, आई, हुईल मला सवय. तर म्हणाल्या, तू गप बस, माझी चूल, मी कुटं बी मांडीन."

दारातल्या बायका हसल्या. शिल्पा थांबली नाही.

"प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे पुढं जायचे, मी बाकावर एकटी. आई जाऊन यायच्या आन् मला खेटून बसायच्या. एकदा मीच विचारलं, आई, मी बाप्तिस्मा घ्यावा असं तुमच्या मनात हाय का? म्हणाल्या, लई हाय. रोज मागते. पण माझ्या मनात हाय म्हून घेशील तर तो माझा होईल, तुझा न्हाई." तिनं श्वास घेतला. "उद्या मी बाप्तिस्मा घेणार न्हाई. पुढं घेईन का न्हाई, माझं मलाच ठाव न्हाई. आईंच्या तोंडावर मी कधी खोटं बोलले न्हाई. त्यांच्या वर्षाला कसं बोलू?"

ती बसली. आणि आमेन कुणीच म्हणालं नाही. देगलूरचे पाहुणे एकमेकांकडं बघू लागले, पाळकसाहेब चष्मा काढून पुसायला लागले. मनस्विनी आमेन म्हणाली, पण ते शेजारी बसलेल्यांनाच ऐकू गेलं. मग मागून देविका म्हणाली. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा आवाज तिचा. तिनं दादाकडं बघतच म्हटलं, आणि मग गल्लीतल्या बायकांनी, ज्यांना आमेन कधी म्हणतात हेसुद्धा नीट माहीत नव्हतं, त्यांनी म्हटलं.

शेवटची प्रार्थना थोरल्या मुलाची. सुदर्शन उठले, सगळ्यांनी डोळे मिटले. त्यांनी सुरुवात केली, प्रभूचे उपकार मानले, आईच्या आयुष्याबद्दल मानले, आणि घरच्यांची नावं घेता घेता शिल्पाच्या नावापाशी त्यांचा आवाज थांबला.

कुसुमबाईंच्या घरात मनात राग धरून प्रार्थना संपवायची मुभा नव्हती. कुणाचं कुणाशी बिनसलंय हे म्हातारीला मिटल्या डोळ्यांनी कळायचं, आणि ती प्रार्थना तिथंच तोडून दोघांना बाहेर काढायची: जावा, मिटवून या. बाकीच्यांनी डोळे मिटून बसायचं, भात गार होवो की पोरं रडोत. आज बाहेर काढायला ती नव्हती. मग सुदर्शनच म्हणाले, शिल्पा, जरा बाहेर ये.

अंगणातल्या शेवग्याखाली दोघं उभी राहिली. दिवेलागण झाली होती. सुदर्शन म्हणाले की एवढ्या लोकांत तू माझी शोभा केलीस. शिल्पा म्हणाली, आधी तुम्ही माझी केली, दादा. चर्चभर माझं नाव फिरवलं आन् मलाच ठाव न्हाई. सुदर्शन शेवग्याच्या बुंध्यावर हात टेकून उभे राहिले आणि जेव्हा बोलले तेव्हा हेडमास्तर कुठल्या कुठं गेला होता.

"तुला वाटतं मी मिरवायला करून राहिलो. थोडं हाय तसं, न्हाई म्हणत न्हाई. पण मला भीती दुसरीच हाय. उद्या मी मेलो की तिकडं जाईन. आई दारातच उभी असंल, तुला ठाव हाय तिचं. एकेकाला बघून आत घेईल. मुकुल आला, देविका आली. मग मला विचारंल, शिल्पा कुटं हाय? तिला काय सांगू मी?"

या माणसाला चर्चमध्ये नाव हवंय असं शिल्पा धरून चालली होती, आणि हा तर घाबरलेला होता. वर्षभर न आलेलं रडू तिला तिथं आलं. आईंच्या मातीलाही ती अशी रडली नव्हती, कारण तेव्हा कामं होती. तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. आत सगळे अजून डोळे मिटून बसले होते.

"सांगा, मागनं येऊन राहिली म्हणावं," ती म्हणाली. "त्यांना ठाव हाय, मला घरातनं निघायला उशीरच होतो. वाट बघतील त्या. तुम्ही घाई करू नका, दादा. त्यांनी कधी केली न्हाई."

सुदर्शननी चष्मा काढला, रुमाल शोधला, सापडला नाही तेव्हा शर्टाच्या बाहीनंच डोळे पुसले. मग दार लोटून ते बसलेल्या माणसांमधून वाट काढत आपल्या जागी गेले. आधी त्यांनी पाळकसाहेबांना सगळ्यांच्या देखत सांगितलं की उद्याचा बाप्तिस्मा नाही, आणि तो कधी आहे हे यापुढं या घरात कुणी कुणाला विचारायचं नाही. शिल्पा चपला काढून आत येऊन बसेपर्यंत ते थांबले, आणि प्रार्थना जिथं सोडली होती, त्या तिच्या नावापासून त्यांनी पुढं धरली.